कोरडा ताप, मग दमट उकाडा : कुंड्यांचे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा या बाजूनं उन्हाळ्यात येणाऱ्या पत्रांत तक्रार बहुतेक एकच असते : पाणी कमी पडत नाही, तरी झाड सुकतंय. आपल्याकडचा उन्हाळा दोन तोंडांचा आहे. मार्च ते मेच्या मध्यापर्यंत हवा कोरडी आणि ऊन भाजणारं. वळीव पडले की तोच उकाडा दमट होतो आणि जून उजाडेपर्यंत बुरशीचा हंगाम सुरू होतो. पहिल्या काळात जे झाडाला वाचवतं तेच दुसऱ्या काळात त्याला मारतं, म्हणून उत्तरं वाचताना महिना ध्यानात ठेवावा.

प्रश्न : गच्चीवर चाळीसेक कुंड्या आणि ग्रो बॅग आहेत. सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी घालते. तरी बारा वाजले की वांगी, टोमॅटो, जास्वंद माना टाकतात. दुपारी पुन्हा पाणी दिलं, तर दोन वांगी कायमचीच गेली. काय चुकतंय? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : दुपारी मान टाकणं हा आजार नाही. पानांतून जितक्या वेगानं पाणी उडतं तितक्या वेगानं मुळं ते ओढू शकत नाहीत, म्हणून मोठ्या पानांची झाडं पानं खाली सोडून स्वतःचा बचाव करतात. परीक्षा सकाळी सहा-सातला करा. रात्रभरात झाड उभं राहिलं असेल तर पाणी पुरेसं आहे, दुपारी हात लावू नका. सकाळीही मलूल असेल तर बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी हवंय. ओलं लागलं तर मुळं सडायला लागली आहेत आणि आणखी पाणी घालणं म्हणजे उरलेली मुळंही घालवणं.

तुमची दोन वांगी बहुधा या दुसऱ्या कारणानं गेली. खात्री करायची असेल तर मेलेलं झाड उपसून मुळं धुवा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. सडलेलं तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आतला दोरा तेवढा हातात राहतो. मातीला आंबूस वास येतो. हे दिसलं तर ती माती लगेच दुसऱ्या झाडाला वापरू नका, आठ-दहा दिवस कागदावर पसरून कडक उन्हात वाळवा.

असं होण्यामागं पाण्याइतकीच उष्णता आहे. काळी ग्रो बॅग आणि खाली तापलेला स्लॅब, यामुळे बाजूची माती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. बहुतेक भाज्यांची मुळं साधारण 35 अंशांच्या वर काम मंदावतात. अशा गरम मातीत दिवसातून तीनदा पाणी पडलं की मातीतली हवा निघून जाते आणि बुरशीला हवं तसं घर मिळतं.

म्हणून पाणी दिवसातून एकदाच, सकाळी आठच्या आत, पण पोटभर द्या. 12 इंची कुंडीला दीड ते दोन लिटर, खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत. घाईनं वरवर शिंपडलेलं पाणी वरच्या दोन इंचांतच राहतं, मुळं वर येतात आणि दुपारी भाजतात. 6 ते 8 इंची कुंड्यांत माती कमी असते, त्यांना संध्याकाळीही थोडं लागेल. संध्याकाळी पाइप वापरत असाल तर पहिलं बादलीभर पाणी बाजूला काढा. उन्हात पडलेल्या पाइपातलं आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम असतं.

आता मुळं गार ठेवायची. कुंड्या स्लॅबवरून उचला, खाली दोन-दोन विटा द्या. लहान कुंड्या एकमेकींना लगटून ठेवा, मोठ्या पश्चिमेच्या बाजूला, म्हणजे दुपारचं ऊन मोठ्या कुंड्या झेलतील. काळ्या बॅगांना बाहेरून पांढरं पोतं गुंडाळा. मातीच्या किंवा सिमेंटच्या कुंड्यांना बाहेरून चुना फासला तरी चालतो. मातीवर दोन इंच आच्छादन घाला. आपल्या भागात उसाच्या पाचटाइतकं स्वस्त आणि चांगलं आच्छादन दुसरं नाही. कोयत्यानं तीन-चार इंचांचे तुकडे करा, खोडाभोवती दोन इंच जागा मोकळी सोडा. गुऱ्हाळातली ताजी चिपाडं मात्र तशीच घालू नका. त्यांत साखर शिल्लक असते, ती आंबते आणि मुंग्या येतात. वाळवून किंवा कुजवूनच वापरा.

एक शेवटची गोष्ट. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेली कुंडी एकदा पूर्ण वाळली की आतला गोळा आक्रसतो आणि कडेला फट पडते. मग वरून घातलेलं पाणी फटीतून सरळ खाली जातं. तुम्हाला वाटतं भरपूर पाणी दिलं, आत गोळा कोरडाच. अशी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा.

प्रश्न : हिरवी जाळी 75 टक्क्यांची आणली आणि झाडांवर टाकून बांधली. ऊन लागत नाही, पण भेंडी आणि मिरचीला फुलंच येईनात. (विटा)

उत्तर : टक्का म्हणजे जाळी जितकं ऊन अडवते तो भाग. 75 टक्क्यांच्या जाळीखाली भाजीला पाव भाग उजेड उरतो, तेवढ्यात पानं होतात, फुलं नाहीत. भाज्यांना 50 टक्क्यांचीच घ्या. 75 ची जाळी फर्न, कॅलेडियम, मनी प्लांट, ऑर्किड यांच्यासाठी राखा. मोगरा, बोगनवेल, अडेनियम, जास्वंद, कढीपत्ता यांना एकदा रुजल्यावर जाळी लागतच नाही. भेंडीलाही लागत नाही.

दुसरी चूक जाळी झाडांवर टाकण्याची. ती पानांना टेकली की तिथं पान भाजतं आणि खाली गरम हवा कोंडते. शेंड्यापासून किमान दोन-अडीच फूट वर हवी. माणूस खाली वावरू शकेल इतकी, सात फुटांवर असेल तर उत्तम. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार कडेच्या पाइपांवर ताणा, जाळी तिच्यावरून टाका आणि कडेला दर दोन फुटांवर बांधा. वर पूर्ण, पश्चिमेला कंबरेपर्यंत खाली सोडलेली, पूर्व मोकळी. सकाळचं ऊन झाडाला हवं असतं.

मे महिन्यात वळवाआधीचं वादळ या जाळीचा खरा शत्रू आहे. चारही बाजूंनी पक्की बांधलेली जाळी वारा भरला की पाइपासकट उचलते. एक बाजू सुतळीनं, सुटेल अशी बांधा, किंवा गुंडाळून ठेवता येईल अशी ठेवा. मृग बरसला की जाळी काढून टाका. ढगाळ हवेत खाली ओल आणि अंधार दोन्ही राहतात, रोपं लांबट, मऊ होतात आणि करपा येतो.

प्रश्न : टोमॅटोला फुलं भरपूर, पण देठासकट गळतात. बोरॉन, बटाट्याचं पाणी, सगळं करून झालं. (मिरज)

उत्तर : खत-टॉनिक घालून हे थांबणार नाही. दिवसा 35 अंशांच्या आसपास आणि रात्री 24 च्या वर पारा राहिला की टोमॅटोचा परागकण निकामी होतो. फूल फळत नाही आणि झाड ते टाकतं. सिमला मिरचीचंही तसंच. मिरजेत एप्रिल-मेच्या रात्री गार होत नाहीत, तेव्हा हे व्हायचंच. झाड ताकदीचं असेल तर 50 टक्के जाळीखाली ठेवा, पाणी सारखं ठेवा, नत्राचं खत बंद करा, पारा उतरला की फळेल. आधीच दोन बहार देऊन थकलेलं असेल तर काढा आणि मेअखेरीस नवं बी टाका.

जी फळं लागलीत त्यांच्या बुडाशी काळा खोलगट डाग पडत असेल तर तो रोग नव्हे. माती एक दिवस कोरडी, एक दिवस चिखल झाली की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. चुना किंवा अंड्याची टरफलं घातल्यानं लगेच फरक पडत नाही, पाणी नियमित केल्यानं पडतो.

रिकाम्या कुंड्यांत भेंडी, गवार, चवळी, तांदुळजा, माठ लावा. ही उन्हाळ्याचीच पिकं आहेत. भेंडीचं बी रात्रभर भिजवून 12 इंची बॅगेत दोन-दोन टोका, नंतर एकच रोप ठेवा. कोथिंबीर मात्र मे महिन्यात कुंडीत नीट उगवत नाही आणि उगवली तर लगेच तुऱ्यावर येते. सावलीत करून पाहा, फार अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : बोअरचं पाणी वापरतो. कुंड्यांच्या कडेला पांढरा थर जमतो. कढीपत्ता आणि गुलाबाची पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. आंबट ताक घातलं, उपयोग नाही. (इस्लामपूर)

उत्तर : कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी तुम्हाला माहीत आहेतच, त्याचंच लहान रूप तुमच्या कुंडीत झालंय. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. उन्हाळ्यात पाणी जास्त लागतं आणि उडतंही जास्त, म्हणून क्षार याच दिवसांत झपाट्यानं साठतात. पानांच्या कडा जळणं ही त्याची पहिली खूण.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही शेंड्याच्या कोवळ्या पानांत, म्हणजे लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे माती अल्कधर्मी होते आणि ते मुळांना मिळत नाही. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर ती नत्राची कमतरता, तिथं उपाय वेगळा. ताकातलं आम्ल इतकं थोडं असतं की एवढ्या मातीवर त्याचा परिणाम टिकत नाही. उलट ताकावर बुरशी आणि माश्या येतात.

आधी क्षार धुवा. 12 इंची कुंडीला नगरपालिकेच्या नळाचं 10 ते 12 लिटर पाणी, अर्ध्या अर्ध्या तासानं तीन वेळा विभागून घाला आणि खालून वाहून जाऊ द्या. कुंडीखाली बशी असेल तर काढा, नाहीतर तेच खारं पाणी परत वर चढतं. हे महिन्यातून एकदा. कडेचा पांढरा थर आणि वरची अर्धा इंच माती खरवडून टाका, जागी गांडूळखत घाला. एसीचं पाणी मिळत असेल तर ते या कामाला उत्तम, त्यात क्षार नसतात. आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलेलं पाणी मात्र झाडांना घालू नका. ते वाया जाऊ नये असं वाटतं हे खरं, पण बोअरच्या पाण्यापेक्षाही ते खारं असतं. फरशी पुसायला वापरा.

मग लोह. एक लिटर पाण्यात 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, आधी विरघळवा, त्यात 3 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) घाला आणि संध्याकाळी पानांवर बारीक फवारा. पाणी एसीचं किंवा पिण्याचं घ्या. बोअरच्या पाण्यात हिराकस टाकली की द्रावण तांबूस होतं, म्हणजे लोह तिथंच गंजून बसलं. दहा दिवसांनी पुन्हा एकदा फवारा. नवी पानं हिरवी येतील, जुनी पिवळी तशीच राहतील, त्यांच्याकडे पाहून निराश होऊ नका. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून न बसता मुळांना मिळेल अशा रूपातलं, मागा. द्राक्षवाल्यांमुळे तुमच्या कृषी सेवा केंद्रात ते मिळायला हरकत नाही. स्वस्त ईडीटीए प्रकार अल्कधर्मी मातीत टिकत नाही. पावसाळा सुरू झाला की कुंड्या उघड्यावर ठेवा, दोन-चार मोठ्या पावसांत क्षार फुकट धुऊन निघतात.

प्रश्न : आमची बाल्कनी उत्तरेची, वर्षभर सावली. फर्न आणि अ‍ॅग्लोनिमा छान असतात. दर मे महिन्यातच त्यांची पानं करपतात, हे कसं? (कुपवाड)

उत्तर : कारण मे महिन्यात तुमच्या उत्तरेच्या बाल्कनीवर ऊन येतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून उत्तरेला दिवसभर सावली. मार्चअखेरपासून तो पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तर सांगलीत तो भरदुपारी बरोबर डोक्यावर असतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली पडत नाही. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारीही तो आपल्या उत्तरेलाच असतो. त्यामुळे साडेतीन-चारनंतरचं तिरपं ऊन पश्चिमेकडून बाल्कनीत घुसतं, आणि सावलीत वाढलेल्या पानांना अर्धा तासही पुरतो.

वरून आडोसा करून फायदा नाही. बाल्कनीच्या पश्चिम टोकाला 75 टक्क्यांची जाळी उभी बांधा, जमिनीपासून वरच्या स्लॅबपर्यंत. तिथं भिंत असेल तर फर्न त्या भिंतीच्या आडोशाला सरकवा. पानांवर पाणी फवारल्यानं गारवा दहा-पंधरा मिनिटंच टिकतो. कुंड्या जवळ ठेवून मध्ये पाण्याचं पसरट घमेलं, त्यात खडे आणि खड्यांवर कुंडी, असं केलं तर आसपासची हवा थोडी दमट राहते. कुंडीचं बूड पाण्यात बुडता कामा नये. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला, डास होतात.

प्रश्न : मिरचीवर बोकड्या, पानं आकसून वळतात. नीमतेल मारून पाहिलं, काही झाडं सुधारली, काही नाही. (तासगाव)

उत्तर : पानं कुठल्या बाजूला वळली आहेत ते पाहा. कडा वर वळून पान द्रोणासारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं, देठ लांबलेलं असेल तर पिवळा कोळी, ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड. पानं बारीक, फिकट, शेंड्यात गुच्छासारखी आणि झाड खुजं राहिलं असेल तर विषाणू. त्याला औषध नाही, झाड उपटून पिशवीत बांधून टाका.

फुलकिडे असतील तर शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळसर रेघा पळताना दिसतील. निळे चिकट सापळे लावा. नीमतेल 5 मिली आणि भांड्याचा द्रव साबण 1 मिली आधी एकत्र घोटा, मग एक लिटर कोमट पाण्यात मिसळा. आधी पाण्यात तेल टाकलं तर ते वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात पानं जळतात. सूर्य मावळताना, पानाच्या खालच्या बाजूनं मारा आणि द्रावण त्याच दिवशी संपवा. दर पाच-सहा दिवसांनी तीन फवारे.

कोळ्यावर नीमतेलाचा परिणाम कमी दिसतो, तुमची न सुधारलेली झाडं बहुधा हीच. तिथं पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, 2 ग्रॅम प्रति लिटर. पण पारा 35 च्या वर असेल त्या दिवसांत गंधक पान जाळतं, आणि नीमतेल मारून पंधरा दिवस झाले नसतील तरीही जाळतं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये खरा उपाय पाण्याचा : सकाळी पाइपाला बोट लावून पानाखालून जोरात फवारा, एक दिवसाआड. वांगी आणि गुलाबावर बारीक जाळी करणाऱ्या लाल कोळ्यालाही हेच चालतं.

प्रश्न : मोगरा नुसता पानांनी भरलाय, मे सुरू झाला तरी कळ्या चार-दोन. (माधवनगर)

उत्तर : तो जाळीखाली किंवा भिंतीच्या सावलीत असणार. किमान सहा तास उघडं ऊन द्या. कळ्या नव्या फुटीवरच येतात, म्हणून प्रत्येक फांदीची शेंड्याकडची दोन-तीन पेरं आत्ताच खुडा, मूठभर शेणखत आणि एक चमचा निंबोळी पेंड द्या, युरिया अजिबात नको.

प्रश्न : मेमध्ये आठ दिवस गावी जायचं आहे. शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : 12 इंची कुंडी मेमध्ये उन्हात रोज दीड लिटर पिते, सावलीत एक लिटरच्या आसपास. म्हणून पहिलं काम सगळ्या कुंड्या सावलीत, एकत्र. फुलं आणि तयार फळं खुडून टाका. आठ इंचांपर्यंतच्या कुंड्यांना सुती दोरीची वात चालते. दोरी आधी पूर्ण भिजवा, एक टोक बादलीच्या बुडाशी, दुसरं मातीत तीन इंच खोल. बादली कुंडीपेक्षा उंच आणि झाकलेली. नायलॉनची दोरी पाणी ओढत नाही. जाण्याआधी दोन दिवस चालवून पाहा, माती ओली राहते का चिखल होतो ते कळेल.

मोठ्या कुंड्यांसाठी नळाला लावायचा बॅटरीचा टायमर आणि ठिबकचा घरगुती संच घ्या. तासाला 2 लिटरचा ड्रिपर 20 मिनिटांत सुमारे 660 मिली देतो, सकाळी आणि संध्याकाळी 20-20 मिनिटं पुरतील. बोअरच्या पाण्यानं ड्रिपर बुजतात, म्हणून जाळीचा फिल्टर हवाच. बुजलेले ड्रिपर रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवले की मोकळे होतात. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर टायमर टाकीच्या लाइनवर बसवा. मात्र टाकीच्या कमी दाबावर चालणाराच टायमर मागा, काही प्रकार दाब कमी पडला की उघडतच नाहीत.

प्रश्न : दोन वळीव झाले. आता वांगी-मिरचीची रोपं ट्रेमध्ये कोलमडतात, दोडक्यावर पांढरं पडलंय, शिवाय गोगलगायी. पावसानं तर बरं वाटायला हवं होतं. (कवठेमहांकाळ)

उत्तर : ऊन तेवढंच आणि ओल वाढलेली, अशा हवेत बुरशी सगळ्यात जोरात असते. उन्हाळ्यात घातलेलं आच्छादन आता पातळ करा, खोडापासून चार इंच मागं ओढा. पाणी रोज देणं बंद, बोट घालून माती पाहूनच द्या. कुंड्यांमधली अंतरं वाढवा, खालची जमिनीला टेकलेली पानं काढा.

रोपं मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन पडत असतील तर ती मर. दाट पेरणी, रात्रीचं पाणी आणि न कुजलेलं खत, ही तीन कारणं. पडलेली रोपं वाचत नाहीत. नव्यानं दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत घ्या, किलोमागं 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवा, मग एका खणात एकच बी टाका. पाणी ट्रेच्या खालून द्या आणि मातीचा वरचा थर लवकर वाळेल अशा वाऱ्याच्या जागी ट्रे ठेवा. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे, तिच्यासोबत तांब्याचं औषध वापरलं तर ती मरते.

दोडक्याचं पान नीट पाहा. भुरी आणि दावण्या तुमच्या द्राक्षपट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहेत, वेलभाज्यांवरही फरक तोच. पानाच्या वर पांढरी भुकटी, बोटाला लागणारी, ती भुरी. तिला पान ओलं लागत नाही, दमट हवा आणि दाटी पुरते. वर शिरांच्या मध्ये कोनाकोनाचे पिवळे डाग आणि सकाळी खाली करडी लव, तो दावण्या. त्याला पान ओलं लागतं. भुरीवर 100 मिली दूध आणि 900 मिली पाणी, आठवड्यातून एकदा सकाळी उन्हात फवारा. वेलवर्गीय पानांवर गंधक उकाड्यात डाग पाडतं, म्हणून टाळा. दावण्यावर दूध चालत नाही. रोगट पानं तोडा, वेल मांडवावर मोकळा करा, पाणी पानांवर पडू देऊ नका. तरीही पसरला तर 1 टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक : प्लॅस्टिकच्या बादलीत 10 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटरमध्ये, 10 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता. लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. कोवळ्या पानांवर हे निम्म्या तीव्रतेनं आणि एका पानावर करून पाहूनच मारा.

गोगलगायींसाठी संध्याकाळी ओलं पोतं कुंड्यांमध्ये पसरा. रात्री नऊनंतर आणि सकाळी उजाडायच्या आत उचला, त्याखाली जमलेल्या गोगलगायी चिमट्यानं मिठाच्या पाण्यात टाका. मीठ कुंडीत टाकू नका, गोगलगायीबरोबर झाडही जाईल. आणि कुंड्यांखालच्या बशा आता काढून ठेवा. त्यांत मुळंही कुजतात आणि डेंग्यूचे डासही होतात. पाऊस पूर्ण उघडेपर्यंत त्यांचं काही काम नाही.